‘इतर मुलं’ म्हणजे कोण?



या मालिकेत आजवर आपण बहुतेक वेळा ग्रंथांबद्दल बोललो. आज आम्ही एका प्रश्नावलीबद्दल बोलणार आहोत. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं प्रश्नावलीशी काय काम, असं कोणी विचारील. आमचं म्हणणं एवढंच की, ज्या मजकुरावरून दोन वर्षांच्या लेकराबद्दल काही ठरवलं जातं, तो मजकूरही ग्रंथासारखाच नीट वाचला पाहिजे. त्यातले शब्द कोणासाठी लिहिले, उत्तर कोणी द्यायचं, आणि त्यात काय गृहीत धरलंय, हे तपासलं पाहिजे. ही समीक्षाच आहे.

निमित्त असं झालं. आमची एक जुनी विद्यार्थिनी लहान मुलांसोबत काम करते. लहानग्यांच्या संवेदनांबद्दल पालकांना जसे प्रश्न विचारतात, त्या धर्तीचे आठ-दहा प्रश्न तिने मराठीत लिहिले आणि म्हणाली, “सर, भाषा तेवढी बघून द्या.” भाषा खोलीत बसून बघता येत नाही. म्हणून आम्ही वाशीम जिल्ह्यातल्या एका गावी ओळखीच्या घरी गेलो. आई शेतात गेली होती, सोयाबीन सोंगणीचे दिवस. घरी आजी आणि दीड वर्षाचा नातू. आम्ही पहिला प्रश्न वाचला : ‘अंघोळीच्या वेळी बाळ अस्वस्थ होतं का?’ आजीने आमच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “न्हातानी लेकरू रडन नाई त काय हासन, भाऊ?”

आम्ही कागदाकडे पाहिलं. तिथे पाच पर्याय होते. आजीचं उत्तर पाचांपैकी एकातही बसत नव्हतं.

आता ही प्रश्नावलीची परंपरा काय आहे, ते आधी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत जीन एअर्स नावाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. स्पर्श, तोल, हालचाल, आवाज यांची मेंदूत नीट सांगड बसली नाही तर मुलाचं शिकणं अडतं, असा विचार त्यांनी मांडला. त्यांचा मुख्य ग्रंथ १९७२चा. पुढे विनी डन यांनी १९९७ साली एक आकृतिबंध दिला. त्यात दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, मुलाचा उंबरठा : संवेदना आत यायला किती जोर लागतो? उंबरठा ठेंगणा असेल तर बारीकशा आवाजानेही मूल दचकतं. उंच असेल तर हाका मारल्या तरी लक्ष जात नाही. दुसरी, त्यावर मूल करतं काय? स्वतःहून काही हालचाल करतं, की जे होईल ते होऊ देतं? दोनाला दोन, असे चार प्रकार होतात. संवेदना शोधत फिरणारं, संवेदना टाळणारं, चटकन बोचणारं, आणि फारशी नोंदच न घेणारं. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी यावर बेतलेली प्रश्नावली २००२ साली प्रसिद्ध झाली, आणि सुधारित मालिका २०१४ साली. मुलाला काही करायला लावायचं नाही. त्याला सांभाळणाऱ्याने सांगायचं, अमुक गोष्ट किती वेळा घडते : जवळजवळ नेहमी, बरेचदा, आणि असं पाच पायऱ्यांनी खाली.

हे सगळं फॅड आहे, असं आम्ही म्हणत नाही. २०१३ साली स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांमध्ये संवेदनांना दिलेला कमी-जास्त प्रतिसाद अधिकृतपणे आला. त्याचबरोबर हेही खरं की, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली बजावलं होतं, की ‘संवेदन-प्रक्रियेचा विकार’ असं स्वतंत्र निदान करू नये. म्हणजे ही प्रश्नावली दिवा आहे, निकाल नव्हे. पण दिवा कुठे धरायचा ते समजलं पाहिजे.

परकी चाचणी आपल्याकडे आणायची एक ठरलेली रीत आहे. आधी भाषांतर. मग दुसऱ्या माणसाकडून ते पुन्हा इंग्रजीत उलटं भाषांतर. ही युक्ती ब्रिस्लिन यांनी १९७० साली पुढे आणली. मग तज्ज्ञांची समिती, आणि शेवटी थोड्या लोकांवर करून पाहणं. बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली या पायऱ्या नीट मांडल्या. रीत चांगली आहे. पण हिच्यात एक फट आहे, आणि आमची पहिली टीका तिथेच आहे. उलटं भाषांतर जमलं याचा अर्थ एवढाच, की दोन शिकलेल्या माणसांना एकमेकांचं कळलं. आजीला कळलं की नाही, ते त्यात कुठेच तपासलं जात नाही.

एक शब्द घ्या. ज्या मुलाला संवेदना चटकन बोचतात त्याला आपण ‘संवेदनशील’ म्हणू. उलटं भाषांतर अगदी बिनचूक येईल. पण मराठीत ‘संवेदनशील’ ही शाबासकी आहे! कवीला म्हणतात, समाजसेवकाला म्हणतात. कोणती आई म्हणेल की आमचं मूल संवेदनशील नाही?

याहून गंभीर उदाहरण उलट बाजूचं आहे. जे मूल फारशी नोंद घेत नाही, ओलं झालं तरी रडत नाही, मोठा आवाज झाला तरी वळत नाही, पडून राहतं, त्याला आपल्या घरात काय म्हणतात? ‘गुणी’ म्हणतात. ‘काही त्रास नाही हो, फार गुणी बाळ आहे.’ बघा, ज्या लेकराकडे सगळ्यात आधी लक्ष जायला हवं, त्याला आपल्या भाषेनं कौतुकाच्या शब्दात गुंडाळून ठेवलंय. आणि जे सतत उड्या मारतं, धडकतं, फिरत राहतं, ते ‘वांड’. म्हणजे एकाचा गुण आणि दुसऱ्याचा दोष आपण आधीच ठरवून टाकलेला. प्रश्न विचारणारा येतो तेव्हा त्याला आपण संवेदना सांगत नाही, स्वभावाचा निवाडा सांगतो.

आता आजीच्या ‘न्हाणं’ या शब्दाकडे वळू. मूळ प्रश्नावलीच्या जगात अंघोळ म्हणजे बहुतेक टब, कोमट पाणी आणि साबण. आपल्याकडे तान्ह्याला, वर्षा-दीड वर्षाच्याला न्हाऊ घालणं हा एक सोहळा असतो. पाय लांब करून त्यावर मूल पालथं घ्यायचं, तेलाने रगडायचं, हातपाय ओढायचे, कढत पाण्याचे तांबे ओतायचे, तोंडावरून पाणी, मग पुसून धुरी द्यायची आणि घट्ट गुंडाळून झोपवायचं. एका शब्दात किती संवेदना आल्या? दाब, ओढ, ऊब, नाकातोंडात पाणी, धुराचा वास, आणि शेवटी पुन्हा दाब. ‘अंघोळीला रडतं का’ असं विचारलं, तर यातल्या नेमक्या कशाला रडतं, ते कसं कळणार? शब्द बरोबर आहे. वस्तूच वेगळी आहे.

‘टाळतं का’ असा प्रश्नही तसाच. टाळायला मोकळीक लागते. जे मूल झोळीत आहे, कडेवर आहे, मोठ्या बहिणीच्या पाठीवर आहे, ते काय टाळणार? वरणात कुस्करलेली भाकर नको म्हणून त्याने तोंड फिरवलं, तर आजी ‘काऊचा घास, चिऊचा घास’ म्हणत तो भरवतेच. मुलाने टाळलं होतं, पण ते टाळणं मोजलं गेलं नाही. आपल्याकडे माणसं जास्त, हात जास्त. मुलाची कुरकुर उठायच्या आतच कोणीतरी ती मिटवतं. ही आपल्या घरांची श्रीमंती आहे. पण प्रश्नावलीला ती दिसत नाही, तिला फक्त ‘तक्रार नाही’ असं दिसतं.

भाषांचंही बघा. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. सहा तालुके : वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. गावात वऱ्हाडी, तांड्यावर गोरबोली, मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी तर साऱ्या बंजारा समाजाचं तीर्थ, शिवाय उर्दू बोलणारी घरं. पुण्याच्या प्रमाण मराठीतला कागद इथे आला, की प्रश्न विचारणारी ताई तो जागच्या जागी आपल्या बोलीत उलथवते. म्हणजे समितीने महिनोन्महिने तपासलेलं भाषांतर प्रत्यक्षात विचारलंच जात नाही. विचारलं जातं ते ताईंनी ओसरीवर केलेलं.

इथे आम्हाला न्यायदर्शनाची आठवण होते. ज्ञान मिळवायची साधनं त्यांनी मोजली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आता मराठीत ‘आप्त’ म्हणजे नातेवाईक. न्यायात मात्र आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट खरोखर ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, असा माणूस. वात्स्यायनाने भाष्यात स्पष्ट म्हटलंय की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, सगळ्यांना सारखंच लागू आहे. अधिकार जन्माने येत नाही, जाणण्याने येतो.

ही प्रश्नावली पूर्णपणे शब्दप्रमाणावर उभी आहे. मूल स्वतः बोलत नाही. कुमारिल भट्टाला निर्विकल्प प्रत्यक्ष, म्हणजे नाव लावण्याआधीचं नुसतं दिसणं, समजावून सांगायचं होतं, तेव्हा त्याने उदाहरण घेतलं ते लहान बाळाचंच. आपण त्या बाळाच्या अनुभवाला त्याच्या वतीने नाव लावतो. म्हणून पहिला प्रश्न हा, की आप्त कोण? कागदावर लिहिलेलं असतं, ‘आई किंवा वडील’. सोंगणीच्या दिवसांत आई पहाटे जाते, दिवेलागणीला येते. दिवसभराचं आजीला ठाऊक, नाहीतर आठ वर्षांच्या ताईला. प्रश्नावली नातं बघते. आपण जाणणं बघायला हवं.

आता मुख्य मुद्दा. व्याख्यानाचं नाव त्यावरून ठेवलंय. २०१४च्या आवृत्तीत निकाल कसा सांगतात? ‘बहुतेक इतरांसारखंच’, ‘इतरांपेक्षा जास्त’, ‘इतरांपेक्षा खूपच जास्त’, तसंच कमीच्या बाजूला. भाषा किती सौम्य! कोणाला आजारी म्हटलं नाही. पण हे इतर कोण? संख्याशास्त्र सांगतं की सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रमाण विचलन घेतलं, की साधारण ६८ टक्के मुलं आत येतात. उरलेली बाहेर. मधली मुलं जर अमेरिकेतली असतील, तर वाशीमचं मूल बाहेर पडलं की आत राहिलं, यावरून त्याच्या उंबरठ्याबद्दल काहीच कळत नाही. ते दूर राहतं, एवढंच कळतं.

माणसाचं शरीरसुद्धा वाढवण्याप्रमाणे घडतं. केनियातल्या किप्सिगिस लोकांच्या एका वस्तीचा चार्ल्स सुपर यांनी १९७६ साली मांडलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. तिथली बाळं अमेरिकन बाळांपेक्षा लवकर बसतात, लवकर चालतात. जन्मजात चपळाई? नाही. तिथल्या आया बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात. रांगायला शिकवत नाहीत, आणि रांगण्यात ती बाळं पुढे नाहीत. मग रोज तेलाने रगडलेल्या अंगाची स्पर्शाशी ओळख न रगडलेल्या अंगासारखीच असेल, असं आपण कशावरून धरून चालायचं?

मग सरळ उपाय सुचतो : आपलेच इतर घ्या, आपली सरासरी काढा. आपल्याकडे हे काम करणारी माणसं होऊन गेली. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिचाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बांधली. ती बॉम्बे-कर्नाटक आवृत्ती १९३४ची, आणि त्यांचा ग्रंथ १९४०चा. पुढे बडोद्याला प्रमिला फाटक यांनी बेली यांच्या मोजपट्टीवरून भारतीय बाळांची प्रमाणकं काढली. त्यातून आलेली ‘डासी’ ही अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांची चाचणी १९९७ साली सुधारून निघाली. कारक विकासाचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ घटक. लक्षात घ्या, ही भाषांतरं नव्हेत. या माणसांनी इथल्या मुलांसमोर बसून वर्षं घालवली. शिवाय ‘डासी’त परीक्षक बाळासमोर वस्तू ठेवून स्वतः बघतो, तिथे बराचसा आधार प्रत्यक्षाचा. संवेदनांच्या प्रश्नावलीत तो आधारही नाही, म्हणून इथलं काम आणखी अवघड.

पण ‘आपली सरासरी’ हा उपायही डोळे मिटून घेऊ नका. सरासरी म्हणजे जे आहे ते. जे असायला हवं ते नव्हे. हा भेद ह्यूमपासून आम्ही वर्गात शिकवत आलो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१मध्ये, देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेलं मूल मलूल असतं, हाकेला सावकाश वळतं. अशीच मुलं बहुसंख्य असलेल्या ठिकाणी आपण सरासरी काढली, तर मलूलपणाच ‘बहुतेक इतरांसारखा’ ठरेल. वाशीम हा २०१८ पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. इथे स्थानिक प्रमाणक म्हणजे न्याय, असं समजून चालणार नाही. अभावालाच संस्कृती म्हणून शिक्का बसायचा.

आणि इथे आम्हाला आपल्याच बाजूच्या लोकांवर टीका करायची आहे. परक्या चाचण्यांविरुद्ध बोलणं सोपं असतं, टाळ्याही मिळतात. ‘आमच्याकडे मुलं अशीच असतात’, ‘याचा बापही उशिराच बोलला’, ‘मोठा झाला की होईल नीट’. ही वाक्यं आपण घराघरांत ऐकलीत. कधी ती खरी निघतात. कधी त्यांच्या आड एखाद्या लेकराची दोन-तीन वर्षं निघून जातात, आणि नेमकी तीच वर्षं मदतीची असतात. संस्कृती हा समजून घ्यायचा विषय आहे, सबब नव्हे. प्रश्नावली वाईट म्हणून प्रश्नच विचारायचा नाही, हा आमचा निष्कर्ष नाही.

कारण विचारणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. फेब्रुवारी २०१३मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची फिरती पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर अशा चार गोष्टी बघतात, आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. एका दिवसात अंगणवाडीतली सगळी मुलं बघायची. एका मुलाच्या वाट्याला किती वेळ येणार? त्या थोड्या वेळात विचारलेला प्रश्न बरोबर असणं म्हणूनच महत्त्वाचं आहे.

मग बरोबर म्हणजे कसा? त्या दिवशी ओसरीवर आम्ही कागद बाजूला ठेवला आणि आजीला म्हणालो, “माय, सकाळपासून सांगा, याला कसं न्हाऊ घालता?” आजी सांगत गेली. आणि मध्येच म्हणाली, “पानी आंगावर पडलं का चूप होते. तेलाचा हात लागला का मातर आखडते. धाकल्याच्या पोराचं तसं नव्हतं.”

ऐकलंत? तिला सगळं ठाऊक होतं. पाण्याला नाही, हाताला. आणि ‘इतर’ कोण, तेही तिने सांगितलं : याच घरातलं, याच हातांनी न्हाऊ घातलेलं दुसरं लेकरू. त्या मुलाला काही आहे, असं आम्ही मुळीच म्हणत नाही; ते बघणं आमचं काम नाही, आणि एका वाक्यावरून कोणीच ठरवू नये. आमची विद्यार्थिनी पुढच्या आठवड्यात तिथे जाऊन आली, एवढंच सांगतो. पण पाच पर्यायांच्या कागदावर हे वाक्य कधीच आलं नसतं.

यावरून आम्ही चार गोष्टी सुचवतो. एक, ‘किती वेळा’ याआधी ‘काय होतं’ ते विचारा; दिवस सांगायला लावा, म्हणजे न्हाणं, घास भरवणं, झोपवणं, जावळ, कान टोचणं. दोन, ‘बाळ रडू नये म्हणून तुम्ही काय करता?’ हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी जोडा. ज्या घरात मिक्सर लावताना मुलाला बाहेर न्यावं लागतं, तिथे ‘आवाजाचा त्रास नाही’ हे उत्तर खोटं नसतं, अपुरं असतं. तीन, साक्षीदार दोन घ्या आणि त्यांचं जुळलं नाही तर सरासरी काढू नका. न जुळणं हीच माहिती आहे. चार, बोली ओसरीवर ठरू देऊ नका. वऱ्हाडीत, गोरबोलीत, उर्दूत शब्द आधीच ठरवा, आणि ते अंगणवाडीताई आणि आज्यांबरोबर बसून ठरवा. त्यांना तज्ज्ञांच्या समितीत घ्या. शेवटच्या पायरीवर ज्यांच्यावर ‘करून पाहायचं’ ती माणसं म्हणून नव्हे.

अडचणी आम्हाला माहीत आहेत. या प्रश्नावल्या प्रकाशकांच्या मालकीच्या असतात. शब्द बदलायला परवानगी लागते, म्हणून काम भाषांतरावरच थांबतं. आमच्या पद्धतीला वेळ लागेल आणि उत्तरांचे आकडे करणंही सोपं नाही. आकडे नकोत, असंही आमचं म्हणणं नाही. आकड्यांशिवाय जिल्ह्याला केंद्र मिळत नाही, केंद्राला माणसं मिळत नाहीत. आमचं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी जाणणाऱ्याला बोलू द्या, मग मोजा. कामत आणि फाटक यांनी आपापल्या काळात मुलांसमोर बसून सुरुवात केली. संवेदनांच्या बाबतीत आपल्याला मुलाच्या शेजारी बसलेल्या माणसापासून करावी लागेल.

वेळ झाली. तुमच्यापैकी जे अंगणवाडीत किंवा दवाखान्यात काम करतात, त्यांनी आपल्या बोलीतले शब्द आम्हाला जरूर कळवावेत. ‘गुणी’ आणि ‘वांड’ हे दोन आम्हाला सापडले, आणखी पुष्कळ असतील. आता प्रश्न विचारा.